व्हाईट वाईन घेऊन ठेवायची म्हणतोय: काय घ्यावं, किती घ्यावं, कधी उघडावं?

तिसरा_पेला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

विषय व्हाईट वाईनचा. आज आणली, गार केली, संपवली अशी नाही, तर घेऊन ठेवायची, पाच-दहा-पंधरा वर्षं, आणि मग उघडायची. तापमान सेट करता येतं असं वाईनचं कपाट घेऊन झालंय, अर्धं रिकामं आहे आणि घरच्यांचं मत असं की ते तसंच राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. माझी गोची अशी झालीय की कुठेही वाचायला गेलं की कलेक्शन म्हणजे रेडच, व्हाईटचा विषय निघाला की "दोन वर्षांत पिऊन टाका" एवढं सांगून मोकळे होतात. पण मी एकदा एका ओळखीच्यांकडे पंधरा-एक वर्षं जुनी रीसलिंग प्यायलोय आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. मध, लिंबाची साल, आणि ते रॉकेलसारखं काहीतरी, आणि तरीही एवढी ताजी!

तर जुन्या होऊन सुधारणाऱ्या व्हाईट नेमक्या कोणत्या, बरगंडीचं जे ऑक्सिडेशनचं ऐकतो ते खरंच एवढं भयंकर आहे का, ऑक्शनमधून घ्यावं की नाही, आणि सुरुवात कुठून करावी, जरा सविस्तर सांगा.

तळघर

चांगला धागा. जरा लांबण लावतो, कंटाळलात तर सोडून द्या.

"व्हाईट टिकत नाही" हे शंभरातल्या पंचाण्णव बाटल्यांच्या बाबतीत खरंच आहे, म्हणून लोक तसं सांगतात. रेडमध्ये द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन असतं, ते ऑक्सिजनला तोंड देतं. व्हाईटचा रस सालीपासून आधीच वेगळा काढलेला असतो त्यामुळे ती ढाल जवळपास नाहीच, मग टिकायचं कशाच्या जोरावर तर ॲसिड, सल्फर डायऑक्साइड, काही वाईनमध्ये साखर, आणि मुळात द्राक्षात किती दम होता त्यावर. आणि बुचावर, पण त्यावर इथे दुसरं कोणीतरी बोलेलच, मला माहितीय.

म्हणून टिकणाऱ्या व्हाईटची यादी छोटी आहे. जर्मनीची रीसलिंग, त्यातही मोझेल. बरगंडीची शार्डने. लुआरची शेनाँ ब्लां, म्हणजे वूव्रे आणि साव्हेनिएर. बोर्डोची सेमियों-सोव्हिन्यों, गोड सोटर्न आणि कोरडी पेसाक-लेओन्यां दोन्ही. ऑस्ट्रियाच्या वाखाऊमधली रीसलिंग आणि ग्र्युनर फेल्टलिनर, ऑस्ट्रेलियातली हंटर व्हॅलीची सेमियों, रिओहातल्या एखाद-दोन जुन्या घराण्यांच्या व्हाईट. बाकीही आहेत पण सुरुवातीला एवढं पुरे.

माझं स्पष्ट मत: पहिली दोन वर्षं मोझेलच घ्या. चुकायची शक्यता सगळ्यात कमी, ॲसिड भरपूर, थोडी साखर, अल्कोहोल कमी, आणि चांगल्या घराण्याची साधी काबिनेटसुद्धा पंधरा वर्षं आरामात जाते. बरगंडी नंतर, हात बसल्यावर.

चुनखडी

आलं, "बरगंडी नंतर". काका, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता.

तिसरा पेला, तुम्हाला कलेक्शन करायचंय ना, मग ज्या वाईनसाठी जग वेडं झालंय तिला वगळून कसं चालेल? मॉन्राशेची बाग बघा, जेमतेम ८ हेक्टर, अर्धी प्युलिनी गावात अर्धी शासान्यमध्ये, आणि एवढ्याशा जमिनीत डझनाहून जास्त मालक, कुणाकडे तर एक-दोन बॅरल होतील एवढ्याच ओळी. २०१६ च्या एप्रिलमध्ये दंव पडलं तेव्हा तिथे इतकं कमी पीक आलं की सात मालकांनी आपापली द्राक्षं एकत्र करून एकाच ठिकाणी वाईन केली, सगळ्यांची मिळून दोन बॅरल!! एरवी हे लोक शेजाऱ्याच्या ओळीकडे बघतही नाहीत.

आता मॉन्राशे आपल्यासाठी नाही हे मलाही कळतं. पण बरगंडीत खरी मजा खालच्या पायऱ्यांवर आहे. मर्सो गावाला एकही ग्रां क्रू (सगळ्यात वरच्या दर्जाची बाग) नाही, पण त्यातलं पेरिएर हे प्रमिए क्रू (त्याखालची पायरी) कित्येकदा ग्रां क्रूच्या तोंडात मारेल असं असतं. चांगल्या शेतकऱ्याची गावाच्या नावाची साधी प्युलिनी ही आळशी शेतकऱ्याच्या ग्रां क्रूपेक्षा कधीही बरी, कारण बरगंडीत बाग नंतर बघायची, आधी बाटलीवर खाली बारीक अक्षरात नाव कुणाचं आहे ते बघायचं. आणि शाब्ली विसरू नका. सात ग्रां क्रू बागा, ले क्लो त्यातली सगळ्यात मोठी, शिंपल्यांचे अवशेष असलेली चुनखडीची जमीन (आयडी उगाच नाही घेतला), ओकचा वास कमी, ॲसिड कडक. चांगल्या वर्षाची ले क्लो दहा वर्षांनी उघडली की पुढचे दोन दिवस दुसरं काही प्यावंसं वाटत नाही.

बूचद्वेष्टी

दहा वर्षांनी उघडली की, चुनखडीसाहेब, आधी हे सांगा की सहापैकी किती जिवंत निघाल्या?

धागाकर्त्याने विचारलंच आहे तर सांगतो. १९९५-९६ च्या आसपासच्या बरगंडी व्हाईट लोकांनी २००० नंतर उघडायला सुरुवात केली, १९९६ म्हणजे तेव्हा थोर वर्ष मानलं गेलेलं, ॲसिड जबरदस्त, वीस वर्षं जाईल म्हणत होते, आणि बाटलीतून काय आलं तर गडद सोनेरी-तपकिरी रंग, कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास, शेरीसारखी चव. सात-आठ वर्षांत मेलेली. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे एकाच खोक्यातली एक बाटली मेलेली, तिच्या शेजारची झकास. म्हणजे द्राक्षं तीच, बॅरल तेच, ठेवलेली जागा तीच. याला लोक प्रीमॉक्स म्हणतात, म्हणजे अकाली ऑक्सिडेशन.

कारणं अनेक सांगतात, बूच खराब येत होतं, बुचावरचा लेप नीट नव्हता, सल्फर कमी वापरायची फॅशन आली, नवीन हवेच्या दाबावरचे प्रेस इतके हळुवार की रस जास्तच नितळ निघायला लागला, बॅरलमधला गाळ सारखा ढवळणं वाढलं. मला विचाराल तर सगळंच थोडं थोडं, पण बाटली-बाटलीत फरक पडतो म्हटल्यावर बूच सुटत नाही. बाकी कारणांनी सगळा खोका एकसारखा मेला असता.

माझ्या कपाटातही एका नामवंत मर्सोच्या चार बाटल्या होत्या, एक स्वर्ग, तीन सिंकमध्ये. ज्यांच्याकडून घेतल्या त्यांना कळवलं तर "साठवणीत काहीतरी गडबड झाली असेल" असं उत्तर आलं, साठवणीची जागा त्यांचीच होती हे विसरले बहुतेक.

चुनखडी

२००५ पूर्वीचं किती दिवस उगाळणार? लोक शहाणे झालेत. बूशार पेर ए फीस या घराण्याने २००९ पासून व्हाईटला डियाम बूच लावायला सुरुवात केली, लफ्लेव्हने २०१४ च्या व्हिंटेजपासून (म्हणजे त्या वर्षी खुडलेल्या द्राक्षांपासून), आणि लफ्लेव्ह म्हणजे प्युलिनीतलं पहिलं नाव. सल्फरही पुन्हा जागेवर आलंय.

बूचद्वेष्टी

तेच तर म्हणतोय! बूच बदललं म्हणजे बूच गुन्हेगार होतं हे त्यांनीच मान्य केलं की :))

धागाकर्त्यासाठी: डियाम म्हणजे बुचाचा भुगा करून, कार्बन डायऑक्साइडने विशिष्ट दाबाखाली धुऊन (म्हणजे बूच लागल्याचा कुबट वास आणणारं ते टीसीए निघून जातं), मग पुन्हा चिकटवून केलेलं बूच. त्यावर ५, १०, ३० असे आकडे असतात, साधारण तेवढी वर्षं ते काम करेल असं कंपनी म्हणते. घेताना फॉईलच्या खाली दिसत नाही म्हणून निर्मात्याच्या वेबसाईटवर बघायचं किंवा दुकानदाराला विचारायचं. मी हल्ली बरगंडी घेतो तर फक्त डियामवाली. आणि स्क्रूकॅपला नाकं मुरडू नका, ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या रीसलिंगवाल्यांनी २००० च्या व्हिंटेजला एकत्र येऊन स्क्रूकॅप लावली, त्यातल्या बाटल्या आज काढा, रंग बघा आणि मग बोला.

निळी_शाई

मस्त चर्चा, वाखुसा (वाचनखूण साठवली). एक प्राथमिक प्रश्न, हसू नका. मोझेल घ्या म्हणताय पण त्या जर्मन लेबलवर इतकं काय काय लिहिलेलं असतं की मला गोड कोणती आणि कोरडी कोणती तेच कळत नाही. काबिनेट कमी गोड आणि आउसलेजे जास्त गोड एवढं पाठ केलं होतं, तर परवा एक श्पेटलेजे आणली ती खडखडीत कोरडी निघाली.

तळघर

हसण्यासारखं काहीच नाही ताई, जर्मन लोकसुद्धा गोंधळतात.

काबिनेट, श्पेटलेजे, आउसलेजे ही नावं द्राक्ष खुडताना रसात किती साखर होती त्याची आहेत, एक्स्ले अंशात मोजतात. बाटलीत किती साखर उरली ते वेगळं. श्पेटलेजेएवढी पिकलेली द्राक्षं पूर्ण आंबवली की सगळी साखर अल्कोहोल होऊन कोरडी वाईन तयार होते, मग लेबलवर पुढे ट्रोकन लिहितात. तुमच्या बाटलीवर कुठेतरी ट्रोकन असणार बघा. ते सापडत नसेल तर सोपा मार्ग म्हणजे अल्कोहोलचा आकडा: मोझेलमध्ये साडेसात-आठ-नऊ टक्के असेल तर साखर उरलेली आहे, साडेबारा-तेरा असेल तर कोरडी. उत्तम बागेतल्या उत्तम कोरड्या वाईनला व्हीडीपी नावाच्या संघटनेचे सभासद ग्रोसेस गेवेक्स म्हणतात, बाटलीवर जीजी अशी खूण असते. व्हीडीपी १९१० सालची संघटना, फॉईलवर द्राक्षाचा घोस छातीवर धरलेला गरुड दिसला की ती.

आता संग्राहकांसाठी खरी गंमत. प्रत्येक जर्मन क्वालिटी वाईनच्या लेबलवर बारीक अक्षरात एक एपी नंबर छापलेला असतो, आकड्यांची लांबलचक ओळ. शेवटचे दोन आकडे म्हणजे ती वाईन सरकारी चाचणीला कोणत्या वर्षी गेली ते वर्ष, आणि त्याच्या आधीचा आकडा म्हणजे त्या निर्मात्याची ती कितवी वाईन. समजा एकाच घराण्याची, एकाच व्हेलेनर झोननउअर बागेची, एकाच वर्षाची आउसलेजे अशा दोन बाटल्या आहेत, सगळं लेबल डिट्टो सारखं, पण एकीच्या नंबरात शेवटून दुसरा गट ०८ आणि दुसरीच्या २२, तर त्या दोन वेगळ्या वाईन आहेत, वेगळं पीप, वेगळी खुडणी, चवही वेगळी, आणि कधी किंमतही. काही जण खास पिपांना सोनेरी फॉईल लावतात, गोल्डकॅप्सूल, त्यातही लांब आणि आखूड असा भेद. ट्रियरला दरवर्षी लिलाव होतो, तिथे विकली जाणारी पिपं वेगळीच, त्यांचेही एपी नंबर वेगळे. त्यामुळे कुणी "अमुक वर्षाची आउसलेजे अप्रतिम होती" म्हणालं की मी आधी विचारतो, नंबर काय होता.

निळी_शाई

बाप रे. आत्ता घरातल्या दोन्ही बाटल्या काढून नंबर बघितले. श्पेटलेजेवर खरंच ट्रोकन लिहिलंय, मागच्या लेबलवर, मुंगीच्या अक्षरात.

हिशेबनीस

सगळं ठीक आहे पण मुद्द्याचं कोणीच बोलत नाही. एवढे पैसे आणि दहा वर्षं अडकवणार, तर विकायला काढल्यावर काय? मी जो काही बाजार बघितलाय त्यात उलाढाल बरीचशी रेडची आहे. व्हाईटमध्ये नाव घ्यावं असं कोण, मॉन्राशे आणि आजूबाजूचे ग्रां क्रू, कोशे-द्यूरीसारखी एक-दोन घराणी, जर्मनीच्या एगॉन म्युलरच्या अतिगोड वाईन, सोटर्नची दिकेम. बाकी सगळं हौस. ऑक्शन हाऊस हातोडीच्या भावावर खरेदीदाराकडून प्रीमियम घेतं ते वेगळंच, म्हणजे घेतल्या दिवशीच तुम्ही खाली.

अर्धी_बाटली

हिशेबनीस, धागाकर्त्याने "उघडायची" असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय हो. सगळ्यांनाच विकायचं नसतं.

हिशेबनीस

उघडायची असली तरी किंमत कळलेली बरी असते ना. माझा मुद्दा एवढाच की व्हाईटला गुंतवणूक म्हणू नका, प्रीमॉक्सची भीती खरेदीदारालाही असते, तो जुन्या बरगंडीसाठी हात आखडता घेतो. तेवढं मान्य करा, मी गप्प बसतो.

बूचद्वेष्टी

+१. पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत होतोय.

चुनखडी

ऑक्शनचा विषय निघालाय तर लिहितो, मी बऱ्यापैकी घेतो तिथून. प्रत्येक लॉट (एकत्र विकायला काढलेल्या बाटल्या) बघताना स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हा माणूस हे का विकतोय? कुणी बारा बाटल्यांच्या खोक्यातल्या सात विकायला काढल्या असतील तर पाच उघडून त्याला काहीतरी कळलेलं आहे. रेडमध्ये हे तितकं लागू होत नाही पण व्हाईट बरगंडीत असे लॉट मी सरळ सोडून देतो.

दुसरं म्हणजे रंग. व्हाईटची बाटली प्रकाशासमोर धरली की बरंच काही कळतं, रेडमध्ये ही सोय नाही. ऑक्शनवाल्यांना मेल टाकून मागून लाईट मारलेला फोटो मागवायचा, लॉटमधल्या सगळ्या बाटल्या शेजारी शेजारी उभ्या करून. एखादी बाकीच्यांपेक्षा गडद दिसली तर गेली समजा. लेव्हल बघायची, बरगंडीत बुचाच्या खाली किती सेंटीमीटर रिकामं आहे ते लिहितात, वीसेक वर्षांच्या व्हाईटला दोन-अडीच ठीक, त्याहून कमी वयात जास्त रिकामं असेल तर नको. फॉईल फिरवून बघितली तर फिरते का, खाली चिकट ओघळ आहे का, हे स्वतः जाऊन बघता आलं तर उत्तमच.

आणि कागद. कोणाकडून, कुठे ठेवलेली, मूळ खोका आहे का. बनावट वाईनचं प्रकरण सगळ्यांना आठवत असेलच, रूडी कुर्नियावानला २०१३ मध्ये दोषी धरलं आणि २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, स्वयंपाकघरात बसून जुन्या वाईन "तयार" करायचा. त्याचा धंदा मुख्यतः रेडचा होता, पण तेव्हापासून चांगले विक्रेते कागद मागितल्यावर चिडत नाहीत. चिडला तर तिथून घ्यायचंच नाही.

अर्धी_बाटली

आता माझं ऐका. बरगंडी आणि मोझेलच्या भांडणात ज्या वाईन कुणाच्या नजरेत येत नाहीत त्या घ्या.

वूव्रे. तिथल्या उए घराण्याच्या तीन बागा, ल ओ-लिए, ल मों, क्लो द्यू बूर, आणि वर्ष कसं आहे त्याप्रमाणे कोरडी, अर्धगोड, गोड अशा वेगवेगळ्या वाईन. यातली अर्धगोड, देमी-सेक म्हणतात ती, मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडते. लहान असताना गोड लागते, पंधरा-वीस वर्षांनी उघडली की गोडवा असा आत मुरलेला असतो की जिभेला कोरडीच वाटते, भाजलेलं सफरचंद, ओली लोकर (हो, ओली लोकर, वास घेतल्याशिवाय कळणार नाही), मेण. शेनाँमध्ये ॲसिड इतकं असतं की काळजीच नाही.

हंटर व्हॅलीची सेमियों तर चमत्कार आहे. द्राक्षं लवकर खुडतात, अल्कोहोल दहा-अकरा टक्के, ओक अजिबात नाही, नवीन असताना लिंबू पिळलेलं पाणी वाटतं, म्हणाल यात काय ठेवायचं. दहा वर्षांनी त्याच वाईनला भाजलेल्या ब्रेडचा, मधाचा वास येतो आणि लोक पैजेवर सांगतात की ही ओकच्या पिपात ठेवलेली आहे. टिरेल्सची व्हॅट १ १९६३ पासून बनतेय, आता स्क्रूकॅपमध्ये येते त्यामुळे बूचद्वेष्टी पण खूश.

रिओहाची लोपेझ दे एरेदिया, १८७७ चं घराणं, त्यांची व्हिन्या तोंदोनिया व्हाईट. हे लोक स्वतःच वर्षानुवर्षं पिपात आणि बाटलीत ठेवून मग बाजारात आणतात, म्हणजे तुमचं अर्धं काम त्यांनी केलेलं असतं. हल्ली सगळ्यांना कळल्यामुळे पटकन मिळत नाही, दिसली की घ्या.

आणि सोटर्न, कुणी पीत नाही म्हणून. दिकेमचं नाव १८५५ च्या वर्गवारीत सगळ्यांच्या वर एकटंच आहे, आणि वर्ष पसंत नाही पडलं तर ते वाईन करतच नाहीत, १९९२ नाही, २०१२ नाही. तिथे बोट्रायटिसची बुरशी द्राक्षं सुकवते, एका वेलीमागे साधारण पेलाभर वाईन निघते. पण दिकेमच घ्यायला हवी असं नाही, शेजारच्या प्रमिए क्रू बागा आहेत की, चांगल्या वर्षी त्याही तीस-चाळीस वर्षं सहज जातात. इथे अर्ध्या बाटल्या घ्या, ३७५ मिलीच्या. गोड वाईन दोघांत पूर्ण बाटली संपत नाही. अर्धी बाटली लवकर पिकते एवढं लक्षात ठेवायचं, आत हवेचं प्रमाण जास्त पडतं म्हणून. मॅग्नम त्याच्या उलट. (आयडीचा खुलासा झाला का?)

तिसरा_पेला

धन्यवाद लोकहो, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. पुढचा प्रश्न ठेवण्याबद्दल. कपाटाचं दार काचेचं आहे आणि ते खोलीत खिडकीसमोरच बसलंय. चालेल ना?

तळघर

नाही. कपाट हलवा किंवा खिडकीला जाड पडदा लावा.

तापमान १२-१३ अंश, सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते खालीवर होऊ द्यायचं नाही. हवेत ओलावा ६० ते ७५ टक्के असला की बूच सुकत नाही. कंप नको. पण व्हाईटच्या बाबतीत प्रकाश हा शत्रू लोक विसरतात. वाईनमध्ये रायबोफ्लेविन असतं, त्यावर निळसर-अतिनील प्रकाश पडला की गंधकाची संयुगं तयार होतात आणि वाईनला उकडलेल्या कोबीसारखा वास लागतो. रेडमध्ये टॅनिन थोडंफार वाचवतं, व्हाईटला वाचवणारं कोणी नाही. हिरव्या बाटलीत बरं, पण सोटर्नच्या बाटल्या पांढऱ्या काचेच्या असतात, त्या कागदात गुंडाळून किंवा खोक्यातच ठेवा. दुकानाच्या झगमगत्या शेल्फवर महिनोन् महिने उभी असलेली पांढऱ्या काचेची बाटली मी कधी उचलत नाही, मागून खोक्यातली काढून द्या म्हणून सांगतो.

निळी_शाई

आणि उघडायची कधी ते कसं ठरवायचं? कुठे लिहिलेलं असतं २०२८ ते २०४०, ते कोण ठरवतं?

अर्धी_बाटली

अंदाजच असतो तो, ज्याने चाखली त्याचा. म्हणून एका वाईनच्या किमान तीन घ्यायच्या, जमलं तर सहा. एक नवीन असतानाच उघडायची, म्हणजे पुढे काय बदललं ते कळेल. मग मध्ये एक. मग उरलेल्या. एकेक बाटली वीस वेगवेगळ्या वाईनची घेऊन ठेवलीत तर कपाट छान दिसतं, पण प्रत्येकीला "अजून थोडं थांबू" म्हणत बसता आणि शेवटी सगळ्याच उशिरा उघडल्या जातात.

बूचद्वेष्टी

आणि बरगंडीच्या बाबतीत "थांबू" हा शब्दच काढून टाका. प्रमिए क्रू पाच ते आठ वर्षांत, त्यापुढे जुगार.

चुनखडी

डियामवाली २०१४ तेवढी ठेवा, बाकीच्यांच्या बाबतीत... बरं, मान्य. पहिली बाटली सहाव्या वर्षी उघडायचीच, रंग ठीक असेल तर बाकीच्या थांबवायच्या. पण तुमचं आठ वर्षांनंतर जुगार वगैरे अजिबात मान्य नाही, ग्रां क्रू शाब्ली आठव्या वर्षी कुठे बोलायला लागते.

तळघर

यात एक अडचण अशी की काही वाईन मध्येच मिटतात. मोझेल तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून काही वर्षं गप्प होते, ना नवीनपणाचं फळ ना जुनेपणाचा मध. साव्हेनिएरचं तेच, हंटर सेमियोंचंही तेच. अशा वेळी एक उघडून "फसवलं" म्हणत बाकीच्या विकू नका. आणि मोझेलच्याच योहान योसेफ प्रुम घराण्याची नवीन बाटली उघडली की आधी काडी ओढल्यासारखा, आंबल्यासारखा वास येतो, घाबरायचं नाही, तो नैसर्गिक आंबवण्याचा आणि गंधकाचा वास आहे, वर्षांनी जातो, घाई असेल तर डिकँटरमध्ये ओता. हो, व्हाईटसुद्धा डिकँट करतात. बुचाला किंवा तळाला काचेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक ॲसिडचे क्षार, निरुपद्रवी, काही लोक काच समजून बाटली परत करतात.

अवांतर: धागाकर्त्याला जे रॉकेल लागलं त्याचं नाव टीडीएन. द्राक्षाला ऊन जास्त लागलं की जास्त होतं. गंमत म्हणजे बूच ते थोडं शोषून घेतं, स्क्रूकॅप घेत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियन रीसलिंगमध्ये रॉकेल जरा जास्तच जाणवतं.

बूचद्वेष्टी

म्हणजे शेवटी बुचाचा एक उपयोग निघाला.

अर्धी_बाटली

पिताना फ्रीजमधून काढून लगेच ओतू नका एवढंच सांगते. जुनी मर्सो किंवा वूव्रे ६ अंशाला दिली तर एवढी वर्षं ठेवली कशाला? १२-१३ अंश, म्हणजे कपाटातून काढली की तशीच, पेलाही मोठा घ्या.

तिसरा_पेला

पडदा लावला :) कपाट हलवणं शक्य नाही, भिंतीतला प्लग तिथेच आहे.

सगळ्यांचं वाचून यादी केलीय, बघा. मोझेल निम्मी: दोन घराण्यांच्या काबिनेट आणि श्पेटलेजे, प्रत्येकी सहा, आउसलेजे तीन. वूव्रे देमी-सेक सहा. हंटर सेमियों सहा. शाब्ली ग्रां क्रू तीन, डियामवाली, चुनखडींच्या आग्रहाखातर. सोटर्न अर्ध्या बाटल्या सहा. ऑक्शन या वर्षी नाही. आणि एक वही केलीय, प्रत्येक बाटलीचा एपी नंबर, कुठून घेतली, बूच कोणतं, पहिली कधी उघडायची.

चुनखडी

शाब्ली तीनच? असो, सुरुवात आहे. मर्सो पुढच्या वर्षी घ्याल तेव्हा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कुणाकडे डियाम आहे त्याची यादी आहे माझ्याकडे.

हिशेबनीस

वहीत घेतल्याची किंमतही लिहा. विमा काढायचा झाला तर लागेल.

तळघर

यादी चांगली आहे. एक बदल सुचवतो, काबिनेट दोन्ही घराण्यांच्या सहा-सहा घेण्यापेक्षा एकाच घराण्याच्या एकाच बागेच्या, पण लागोपाठच्या तीन वर्षांच्या घ्या, चार-चार. वर्ष म्हणजे काय ते असंच कळतं, पुस्तकातून नाही. आणि आत्ता ऑर्डर टाकलीत तर पाठवणाऱ्याला सांगा, माल ऊन उतरल्यावर पाठवा. तापलेल्या ट्रकमध्ये दोन दिवस राहिलेली बाटली बाहेरून अगदी नवी दिसते, बूच जरा वर आलेलं असेल तरच कळतं.

तिसरा_पेला

काका, बरं झालं सांगितलंत, ऑर्डर भरून ठेवली होती, बटण दाबायचं बाकी होतं. विक्रेत्याला मेल केला, ते म्हणाले दोन-तीन महिने त्यांच्या गोदामात फुकट ठेवतील. गोदामाचं तापमान किती असतं ते विचारलंय, उत्तर आलं की इथे टाकतो.

बूचद्वेष्टी

लेखी घ्या.